पांढरी सहा

"तो पंखा बंद करा," कात्रक सर म्हणाले. "आणि तू, मिरज, परत वाजव."

मिरज म्हणजे मी. पाचगणीच्या त्या शिबिरात सरांनी आम्हा बाहेरगावच्या पोरांची नावं पाठ करायचे कष्ट घेतले नव्हते. पुण्याची ती पुणे, बेळगावचा तो बेळगाव. मुंबईच्या मुलांना मात्र नावं होती.

मे महिन्याच्या सुट्टीत तिथल्या एका निवासी शाळेच्या हॉलमध्ये पियानो शिकणाऱ्या मुलांचं शिबिर भरायचं. मास्टरक्लास म्हणायचे त्याला. मास्टरक्लास म्हणजे काय, तर एकाने स्टेजवर बसून वाजवायचं आणि बाकीच्यांनी खाली बसून त्याची सालं निघताना बघायची. सालं काढायला कात्रक सर. युरोपभर वाजवून आलेले, मुंबईचे पारशी, पांढऱ्या झुपकेदार भुवया. स्टेजजवळ फिरकायचे नाहीत. हॉलच्या पार शेवटच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे. "हात बघितला की कान खोटं बोलते," म्हणायचे. त्यांचं मराठी असंच होतं, आणि त्याला हसायची कुणाची छाती नव्हती.

पंखा बंद झाला. मी परत वाजवायला घेतलं. शिबिरासाठी बसवून आणलेली हळू चालीची ती चीज मला झोपेत उठवून वाजवायला सांगितली असती तरी आली असती. तिच्यात एक सूर पुन्हा पुन्हा येतो, 'ए'. पेटीवाले ज्याला पांढरी सहा म्हणतात, ती पट्टी. चाल तिथपर्यंत चढते, टेकते आणि उतरते.

बाकीच्यांना सर दोन ओळींत थांबवायचे. मला थांबवलं नाही. संपल्यावर डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "ऐकलं सगळ्यांनी? त्या वरच्या सुरानंतर ही पोरगी श्वास घेते. एवढासा. दर वेळी. तुम्ही लोक तिथून पळत सुटते, जसं काय बस चुकते. हिचा सूर जरा थांबते, मागे बघते, मग उतरते." मग मला म्हणाले, "डिकरी, हे कोणी शिकवलं तुला?"

"आमच्या मिसनी," मी म्हणाले.

खरं सांगायचं तर कुठला श्वास, कसला श्वास, मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. पण कौतुक चाललेलं असताना 'कुठला हो?' असं कोण विचारतं?

"तुझ्या मिसला बोलाव," सर म्हणाले. "शेवटच्या दिवशी ओपन क्लास आहे. मला ती बाई बघायची आहे."

ती बाई म्हणजे रूथ लोंढे. मिरजेत गल्लीबोळात सतारी आणि तंबोरे होतात, पोरीला संगीत शिकवायचं तर कुणीही गायला नाहीतर सतारीला घालतं. पियानो आख्ख्या आमच्या भागात एकच, मिसकडचा. मिशनमधल्या कुणी डॉक्टरीणबाई मायदेशी परतताना तो मिसच्या आईला देऊन गेल्या होत्या. मिस रविवारी चर्चमध्ये वाजवायच्या आणि बाकीचे दिवस आमच्यासारख्यांना शिकवायच्या. माझी आई नर्स, मिसच्या शेजारणीची मैत्रीण, म्हणून मी तिथे पोचले. आणि त्या वर्षी मिसनी मला सरळ सांगून टाकलं होतं, "चारू, माझ्याजवळचं संपलं गं आता. तुला पुढचं कुणीतरी शिकवायला पाहिजे."

पुढचं शिकवणारं कुणी म्हणजे कात्रक सर. दर वर्षी शिबिराच्या शेवटी ते एका मुलाला निवडायचे. तो मुंबईला त्यांच्या घरी राहायचा, त्यांच्याकडेच शिकायचा. निवड झाली तर मी पियानिस्ट होणार होते. नाही झाली तर बी.कॉम. आणि बँकेच्या परीक्षा. बाबांनी कॉलेजचा फॉर्म आणूनसुद्धा ठेवला होता.

त्या दिवसापासून सगळे माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. पुणे जेवताना मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसली. "तुझ्या मिस परदेशात शिकल्यात का?" तिने विचारलं.

"छे! मिरजेतच."

"मग त्यांना कसं सुचलं?"

"सुचतं एकेकाला," मी म्हणाले, आणि वरणात पोळी कुस्करली. इतका माज मला आयुष्यात परत कधी आला नाही.

मी बाजारातल्या बूथवरून मिसच्या शेजारी फोन लावला. मिस धापा टाकत आल्या.

"मला? त्यांनी मला बोलावलं?"

"हो मिस. तुमचं कौतुक केलं सगळ्यांसमोर. म्हणाले, श्वास काय सुंदर शिकवलाय."

"श्वास?" मिसनी विचारलं. "बरं बाई. येते मी."

शेवटच्या दिवशी सकाळी मी त्यांना स्टँडवर आणायला गेले. मिसनी नाताळची साडी नेसली होती, मोतिया रंगाची. पदराला खांद्यावर त्यांच्या आईचा ब्रोच. हातात भडंगाचा डबा.

"हे कशाला?"

"सरांना गं. मोकळ्या हाताने कसं जायचं?"

हॉलकडे चालताना त्या दोनदा थांबल्या, केस सारखे केले. मग म्हणाल्या, "चारू, पण श्वास नेमका कुठे म्हणाले सर?"

"त्या हळू चालीच्या तुकड्यात. वरचा ए आला की त्याच्यानंतर."

"प्रत्येक ए नंतर?"

"हो."

मिसनी डबा या हातातून त्या हातात घेतला. मला वाटलं, घाबरल्यात. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "मिस, आज तुम्ही नुसतं हसायचं. बाकी सगळं मी बघते."

ओपन क्लासला हॉल भरला होता. मुलांचे आईवडील, मुंबईहून आलेली सरांची दोस्तमंडळी, अत्तरं, इस्त्रीचे सूट, फाडफाड इंग्रजी. मिस मधल्या रांगेत कडेला बसल्या, डबा मांडीवर.

मी वाजवलं. इतकं चांगलं मी त्याआधी वाजवलं नव्हतं, आणि हे मी आजही छातीठोकपणे सांगते. टाळ्या पडल्या. सर उठून पुढे आले, तरी स्टेजपासून लांबच उभे राहिले, आणि पाहुण्यांकडे वळून बोलायला लागले. बरंचसं इंग्रजीत, अधूनमधून मराठीत. आपण किती शहरांत किती मोठमोठ्या लोकांकडून ही चीज ऐकली, पण त्या सुरावर असं थांबायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि ते आलं कुणाच्या, तर मिरजेच्या एका टीचरच्या.

"ती टीचर आज इथे आहे," ते म्हणाले. "मिस लोंढे, जरा उभ्या राहा. सांगा ह्या लोकांना, ही आयडिया तुम्हाला आली कशी?"

मिस उभ्या राहिल्या. परत टाळ्या पडल्या. मी स्टेजवरून त्यांच्याकडे बघून हसत होते. बसा आता, मी मनात म्हणत होते. थँक्यू म्हणा आणि बसा.

"सलाम, सर," मिस चर्चमध्ये म्हणतात तसं म्हणाल्या. "एक सांगू का? तो श्वास नाहीये."

"मग?"

"माझ्या पियानोची ती पट्टी चिकटते, सर. पांढरी सहा. दाबली की खालीच राहते, वर येत नाही. माझ्या आईच्या वेळेपासून तसंच. म्हणून मी मुलांना पहिल्या दिवसापासून सांगते, वाजवली की लगेच नखाने उचलायची. माझी सगळी मुलं उचलतात. हिच्या हाताला तीच सवय. तुमचा पियानो चांगला आहे, पण हाताला कुठे माहीत ते?"

मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. शपथेवर सांगते, मला ठाऊक नव्हतं. म्हणजे आम्ही पट्टी उचलायचो हे ठाऊक होतं, पण घरात शिरताना आपण चपला काढतो, तसं ते होतं. कुणाच्या दारात काढल्या आणि कुणाच्या नाही, हे कोण लक्षात ठेवतं?

कात्रक सर पायऱ्या चढून स्टेजवर आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ते माझ्या खांद्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "वाजव."

मी वाजवायला लागले. चाल चढली, पांढरी सहा आली, मी दाबली, आणि माझं बोट शहाण्यासारखं पट्टीच्या कडेखाली गेलं आणि तिला वर टिचकी मारून आलं. पट्टी कधीचीच वर आली होती. नख नुसतंच लाकडावर 'टक्' वाजलं. पहिल्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं.

"परत."

टक्. आता दोन रांगा हसल्या.

"आता न उचलता वाजव."

मी बोट आवरलं. ते आवरताना पुढचा सूर चुकला. परत घेतलं, परत चुकला. तिसऱ्या वेळी मला पुढे काय आहे तेच आठवेना. जी चीज मला झोपेत येत होती ती! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, मी अक्षरशः पायाखालच्या फळ्यांकडे बघत बसले. कान इतके तापले होते की वाटलं, खाली बसलेल्यांनाही दिसत असतील. आणि सगळ्यात जास्त लाज मला मिसची वाटली. त्या अजून उभ्याच होत्या. नाताळच्या साडीत, डबा पोटाशी धरून. त्यांना वाटत होतं, सर अजून काही विचारतील.

"तर मी इतके दिवस," सर सावकाश म्हणाले, "एका बिघडलेल्या पट्टीला सलाम करते होतो!"

मग हॉल जो हसला, जो हसला! मुंबईकर डोळे पुसत होते. सर सगळ्यात मोठ्यांदा हसले. पण मी जवळ होते, मला त्यांची मान दिसत होती. कॉलरपासून वर लालबुंद झाली होती.

संध्याकाळी त्यांनी 'पुणे'ला निवडलं. तिचं नाव मधुरा आहे, हे मला तेव्हा कळलं. माझ्याजवळून जाताना सर थांबले नाहीत. मिस डबा पुढे करून "सर, हे जरा..." म्हणाल्या, तोवर ते गाडीपाशी पोचले होते.

एस.टी.त आम्ही शेजारी शेजारी बसलो. पसरणीचा घाट उतरेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. वाईला गाडी थांबल्यावर मिस म्हणाल्या, "काही खातेस का?"

"नको."

"सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

"मिस, तुम्ही गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी डब्याचं झाकण काढलं, परत लावलं.

"त्यांनी विचारलं ना गं, आयडिया कशी आली म्हणून. मला आलीच नव्हती. नसलेल्या गोष्टीचं कौतुक मी कसं पदरात घेऊ?"

"माझ्यासाठी घ्यायचं होतं."

"मला वाटलं..." मिसचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, सर म्हणतील, बरं झालं सांगितलंत. ही सवय आपण मोडू, पोर चांगली आहे. डॉक्टरला नाही का आपण सगळं सांगत, लपवत नाही. लोक हसतील असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

कराड गेलं, इस्लामपूर गेलं. सांगलीच्या अलीकडे त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "माझ्या पियानोने तुझा हात बिघडवला." तेव्हा मी 'नाही हो मिस' एवढं म्हणू शकले असते. तेवढंही म्हटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मिसनी गल्लीतल्या एका सतारवाल्याला बोलावलं. त्याने पुढची फळी काढली, पांढरी सहा बाहेर ओढली, तिच्या बुडाला कानस मारली आणि परत बसवली. पट्टी टुणकन वर आली. त्याचा चहासुद्धा निवला नव्हता. आईच्या वेळेपासून चिकटत आलेली पट्टी! एवढंसं काम होतं, पण ती पट्टी दुरुस्त होऊ शकते हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मिस तिथेच स्टुलावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. नव्या मुलांना त्यांनी नखाने उचलायला कधी शिकवलं नाही.

आणि मी? मी बी.कॉम. केलं. बँकेची परीक्षा मात्र दिली नाही, ह्यावरून घरात महाभारत झालं. सांगलीच्या एका शाळेत पियानो शिकवायला लागले, अजून शिकवते. ती सवय मी घालवली. नुसती घालवली नाही, घासून काढली. नख मुळापर्यंत कापायचे, बोटाला चिकटपट्टी गुंडाळायचे, त्या एका सुरावरून तास तास पुढेमागे करायचे. लग्नानंतर नवऱ्याने एकदा विचारलं, "एकच काय वाजवत बसतेस?" मी त्याला पाचगणीचं सांगितलं नाही. आजपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटी कित्येक वर्षांनी त्या सुरानंतरची फट बुजली. चाल एका दमात खाली उतरायला लागली, बाकी सगळ्यांची उतरते तशी. मला केवढा आनंद झाला होता!

गेल्या हिवाळ्यात कात्रक सरांची पुण्यात मैफल होती. वयामुळे शेवटची, असं पेपरात आलं होतं. मी जाणार नव्हते. पण मिसनी पेपर वाचला. आता ऐंशीच्या पुढे गेल्यात, एका कानाने कमी ऐकू येतं, तरी फोनवर म्हणाल्या, "चारू, मला घेऊन चल गं. एकदा ऐकायचंय." त्यांना नाही कसं म्हणणार? गाडी केली आणि गेलो. मिसच्या पदराला तोच ब्रोच होता.

सर काठी टेकत आले. मिसना त्यांचा चांगला कान स्टेजकडे येईल अशी मी खुर्ची दिली होती. मध्यंतरानंतर सरांनी ती चीज सुरू केली. तीच, हळू चालीची. पहिल्या दोन सुरांतच मी ती ओळखली. चाल चढायला लागली आणि माझे कान तापायला लागले, त्या दिवशी तापले होते तसे. बाई, पन्नाशी उलटली तुझी, मी स्वतःला म्हणत होते. पण लाजेला वय कळतं थोडंच?

पांढरी सहा आली. सर थांबले.

एवढंसं. सुराने मागे वळून बघावं एवढंच, आणि मग चाल उतरली. मला वाटलं, म्हातारपणी बोट अडखळलं असेल. चाल परत चढली. पांढरी सहा. परत थांबले, तेवढंच. मग पुन्हा. प्रत्येक वेळी, अगदी मोजून मापून, माझी फट. मिसच्या पियानोची फट. हात स्वच्छ वर येत होता, नख कुठे लागत नव्हतं. हॉलमध्ये कुणी खोकतसुद्धा नव्हतं. शेजारची बाई डोळ्यांना रुमाल लावून बसली होती.

मिस माझ्या कानाशी वाकल्या. त्यांना वाटतं, आपण हळू बोलतो.

"चारू, ह्यांचीपण पट्टी चिकटते का गं?"

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ चिडून वळले. "श्श! आजी, तो श्वास आहे. ह्या सुरावर असा श्वास फक्त कात्रकच घेतात. त्यासाठी तर लोक येतात."

"हो का?" मिस म्हणाल्या. "छान आहे."

आणि त्या परत ऐकायला लागल्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं त्या माणसाला, आख्ख्या हॉलला, की उभे राहा आणि ह्या बाईंना टाळ्या वाजवा. मी उठले नाही. माझं लक्ष मिसच्या हाताकडे गेलं होतं. पर्स मांडीवर होती, आणि दर वेळी तो सूर आला की त्यांचं सुरकुतलेलं बोट पर्सच्या कडेखाली जात होतं आणि अलगद वर टिचकी मारत होतं.

मी माझा हात मांडीवर ठेवला आणि वाट बघितली. सूर आला. माझं बोट जागचं हललं नाही.